खालून पहिला

मोदकपात्रातून तिसरी खेप उतरली तरी दारावरची बेल पाहुण्यासाठी म्हणून एकदाच वाजली होती, आणि सुलोचनाबाईंना ही गोष्ट भलतीच चमत्कारिक वाटत होती.

चंदिगडच्या सदतीस सेक्टरातल्या या घरी गणपती बसले की पहिल्या शनिवारी शंतनूची अख्खी टीम जेवायला यायची. कुणी पतियाळाचं, कुणी कांगड्याचं, कुणी रोहतकचं. आरतीचं धृपद तेवढं जोरात म्हणायचं आणि बाकीच्या वेळी नुसत्या टाळ्या वाजवायच्या, हा त्यांचा ठरलेला शिरस्ता. मोदकाला वरून भोक पाडून त्यात तूप ओतायला मात्र ती सगळी पहिल्याच वर्षी शिकली होती. सुलोचनाबाईंना या पोरांचं फार अप्रूप. दिवसभर खुर्चीत बसून ही नेमकं करतात काय, हे कोडं त्यांना शंतनूच्या पहिल्या नोकरीपासून पडलेलं होतं आणि शंतनूनं ते कधी धड उलगडून सांगितलं नव्हतं.

आज सकाळपासून त्याचा फोन नुसता टिणटिणत होता. एकाला ताप भरला. एकाकडे लुधियान्याहून पाहुणे टपकले. अपूर्वाला होणाऱ्या सासूबाईंनी बोलावून घेतलं. अंशुमनची तान्ही लेक रात्रभर रडली. शिशिरची गाडी म्हणे सुरूच होईना.

"विघ्नहर्त्याच्या जेवणावळीला एवढी विघ्नं?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि सगळी तुझ्याच टीमवर?"

"येत नाहीत तर नाही येत, आई. आपण जेवून घेऊ." शंतनूनं फोन पालथा घातला. त्याचा चेहरा मात्र जेवायला बसणाऱ्या माणसाचा दिसत नव्हता.

घरची माणसं तेवढी हजर होती. रागिणी संगमनेरहून आंबेमोहोराची पिठी घेऊन आली होती. शंतनूची ही थोरली बहीण बँकेत शाखा सांभाळायची आणि माहेरी आली तरी शाखाच सांभाळायची. तिचा मुलगा निमिष कॉलेज संपवून थेट मामाच्या कंपनीत, मामाच्याच टीममध्ये लागला होता. पहिली दोन वर्षं तो या घरातच वरच्या खोलीत राहिला. मग अचानक 'ऑफिस जवळ पडतं' म्हणून मोहालीत पेइंग गेस्ट झाला. आता ऑफिस आयटी पार्कात, आणि तो मोहालीहून उलट लांब पडतो, हे चंदिगडातलं शेंबडं पोरही सांगेल. सुलोचनाबाईंनी तेव्हा ते मनात टिपून ठेवलं होतं, बोलल्या नव्हत्या. आज दारातून आत येताना तो शंतनूला "हॅलो, सर" म्हणाला. घरात, गणपतीसमोर, मामाला सर! तेही त्यांनी टिपलं.

आलेला एकुलता एक पाहुणा म्हणजे जसकीरत. उंच, सडसडीत, जिरकपूरची पोरगी. हातात पिन्नीच्या लाडवांचा डबा आणि पायात कोल्हापुरी. बाकीच्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम, म्हणजे पगार घेऊन खोड्या काढायच्या, असं ती स्वतःच सांगायची. सुलोचनाबाईंनी तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं, हातावर उकडीची पारी ठेवली आणि कळ्या पाडायला शिकवता शिकवता मुद्द्याला हात घातला.

"बेटा, बाकी लोग क्यों नहीं आए?"

"बस आंटी, सबको कुछ ना कुछ काम आ गया. बाकी सब ठीक है."

"ठीक है क्या, वो मैंने पूछाच नहीं. क्यों नहीं आए वो बता." तीस वर्षं हवाई दलाच्या छावण्यांतून फिरून सुलोचनाबाईंची हिंदी दणकट झाली होती. सुधारली होती असं मात्र कुणी म्हणालं नसतं.

जसकीरत हसली. तिच्या मोदकाला कळ्या कमी आणि सुरकुत्या जास्त पडत होत्या. हळूहळू ती सैल झाली. म्हणाली, आमच्याकडे एकजण आहे, तो मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो आणि त्याच्यावर कॉम्प्युटरचा माऊस ठेवतो. सेकंदकाटा फिरला की पडद्यावरचा बाण हलतो, आणि वर बसलेल्यांना वाटतं, पठ्ठ्या कामात गढलाय. तो मात्र टपरीवर चहा पीत असतो.

"अरे वा!" सुलोचनाबाईंना त्या न पाहिलेल्या पोराचं कौतुकच वाटलं. "इतना दिमाग है, तो काम में क्यों नहीं लगाता?"

"पहले लगाता था, आंटी. सबसे ज़्यादा वही लगाता था."

हे उत्तर सुलोचनाबाईंना खोबऱ्यातल्या करवंटीच्या तुकड्यासारखं दाताखाली आलं. त्यांनी गॅस बारीक केला. "फिर क्या हुआ?"

"रोज सुबह मीटिंग होती है. सब खड़े रहते हैं. सर पूछते हैं, किसी को कोई दिक्कत? सब बोलते हैं, नहीं सर, कोई दिक्कत नहीं."

"और होती है?"

"दिक्कत ही दिक्कत है, आंटी."

"तो बोलो ना!"

"जो बोला, दिक्कत उसी के गले पड़ती है. कब तक ठीक करोगे, वो तारीख भी उसी की. तो कौन बोलेगा? और फिर निमिष वाली बात के बाद तो..." ती थांबली. "वो तो आपको पता ही होगा. घर की बात है."

सुलोचनाबाईंना काहीही पता नव्हतं. पण एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला एक विद्या आपोआप येते. माहीत नसलेली गोष्ट काढून घ्यायची तर ती माहीत आहे असं दाखवायचं. "हाँ, हाँ," त्या मोदक मोदकपात्रात ठेवत म्हणाल्या, "मुझे तो बहुत बुरा लगा."

"हम सबको लगा, आंटी! सबसे अच्छा काम उसका. और सर ने उसी को सबसे नीचे डाल दिया."

जेवायला बसताना रागिणी भावाला ताकाचं भांडं देत होती. तिला यातलं काही ठाऊक नाही, हे सुलोचनाबाईंनी एका नजरेत ओळखलं. आज न बोलता गोड जेवायचं, संध्याकाळी शंतनूला एकटं गाठायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वरणभाताचा पहिला घास होईपर्यंत ते टिकलं.

"शंतनू, निमिषला तू नापास केलंस?"

शंतनूच्या वडिलांनी, लक्ष्मीकांतरावांनी, भुवया वर केल्या. शंतनूची बायको हिमानी लिंबाची फोड हातात धरून तशीच उभी राहिली. निमिष ताटाकडे बघत होता.

"नापास नाही म्हणत त्याला," शंतनू म्हणाला.

"मग काय म्हणतात ते सांग. मला समजून घ्यायचंय."

शंतनूनं सांगितलं. नाइलाजाने का होईना, पण पहिल्यांदाच नीट सांगितलं. वर्षातून दोनदा टीममधल्या प्रत्येकाला शेरा द्यायचा. टीम कितीही चांगली असो, एकाला तळाला टाकायचंच, तसा वरून हुकूम असतो. लागोपाठ दोनदा तळाला गेला की त्याला नारळ.

"आणि तू माझ्या मुलाला टाकलंस," रागिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "निमिष, तू बोलला नाहीस मला."

"काय बोलणार, आई? मामांची पण अडचण होती."

"त्याचं काम कच्चं होतं का रे, शंतनू? तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही. मीही माणसांना शेरे देते."

शंतनूनं मान हलवली. "कच्चं नव्हतं. टीममधलं सगळ्यात चांगलं काम त्याचंच होतं. म्हणून तर! वर दिला असता तर सगळे म्हणाले असते, भाचा आहे. मधे ठेवला असता तरी तेच. ताई, खाली टाकला तरच कुणाला बोट ठेवायला जागा राहत नव्हती."

"बरोबर केलं," लक्ष्मीकांतराव म्हणाले. विंग कमांडर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता, पण निकाल द्यायची सवय गेली नव्हती. "मी माझ्या साडूच्या मुलाची शिफारस केली नव्हती. वशिल्याचा डाग लागला की माणूस संपतो."

"शिफारस न करणं वेगळं बाबा, आणि खड्ड्यात ढकलणं वेगळं," रागिणी म्हणाली.

"ताई बरोबर बोलतायत जी," हिमानी एकदम म्हणाली. सोलनची ही सून या घरात मराठी शिकली होती आणि भांडायची वेळ आली की तिची मराठी जास्तच चांगली व्हायची. "मी तेव्हापासून सांगतेय यांना. निमिष घर सोडून गेला, ते का गेला? आणि टीम आज का आली नाही? ज्याने सख्ख्या भाच्याला सोडलं नाही, तो आपल्याला काय सोडणार, असंच वाटलं असणार ना सगळ्यांना?"

सुलोचनाबाई ऐकत होत्या आणि त्यांना एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. आपला मुलगा दुष्ट नाही. लबाडही नाही. उलट नको तितका सरळ वागायला गेला, आणि त्या सरळपणानं सात चांगल्या पोरांची पार रया गेली. हे असं कसं होतं? त्यांनी जसकीरतकडे पाहिलं. ती बिचारी मान खाली घालून बटाट्याची भाजी खात होती. बरं तर बरं, हिला मराठी कळत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"झालं ते झालं," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "पुढचे शेरे कधी द्यायचेत?"

"सोमवारी."

रागिणीनं ताट पुढे सरकवलं. "म्हणजे या सोमवारी पुन्हा त्याचं नाव गेलं की संपलंच. शंतनू, ते होता कामा नये."

"नाही देणार त्याचं. ते मी ठरवलंय. पण मग दुसऱ्या कुणाचं तरी द्यावं लागेल."

आणि इथे, सुलोचनाबाईंच्या डोळ्यांदेखत, भांडण मिटलं. आतापर्यंत एकमेकांवर डोळे वटारणारी माणसं पुढे झुकली आणि घरच्या कार्याची कामं वाटून घ्यावीत तशी विचार करू लागली.

"अंशुमन?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"त्याची मुलगी दोन महिन्यांची आहे, बाबा."

"नको मग. ती अकोल्याची?"

"अपूर्वाचं मार्गशीर्षात लग्न आहे," हिमानी म्हणाली. "आणि शिशिरच्या आईचं ऑपरेशन व्हायचंय. त्याचं तर नकोच."

"मामा, एक मिनिट," निमिष म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आत्ता हे नको. आजी, तिला..."

"तू गप्प बस," रागिणी म्हणाली. "तुझ्यासाठीच चाललंय हे." मग तिनं आवाज न बदलता, नजरही न वळवता विचारलं, "आणि ही?"

कुणी जसकीरतकडे पाहिलं नाही. लक्ष्मीकांतरावांनी तर तिच्याकडे बघून हसून "लो बेटा, और लो" म्हणत भाजीचं भांडं पुढे केलं.

"हिच्या घरचं फर्निचरचं दुकान आहे जिरकपूरला," शंतनू हळूच म्हणाला. "लग्न वगैरे काही ठरलेलं नाही."

"म्हणजे हिला काही फारसा फरक पडणार नाही," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"पोरगी हिमतीची आहे. कुठेही टाका, उभी राहील," सुलोचनाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांच्याच तोंडून गेलं. त्या वेळी त्यांना ते कौतुकाचं वाटलं होतं.

"काकू," जसकीरत म्हणाली, "मला थोडं तूप वाढता?"

सुलोचनाबाईंनी तुपाची वाटी उचलली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पोरगी मराठीत बोलली आहे.

निमिषनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"निमिष आणि अपूर्वाच्या मधली खुर्ची माझी आहे," जसकीरत म्हणाली. तिचे शब्द सावकाश, पण स्वच्छ होते. "तीन वर्षं रोज मराठी ऐकते. आणि सर, दुकान आमचं नाही. चाचांचं आहे. पप्पा तिथे नोकरी करतात."

सुलोचनाबाईंना इतकी लाज आयुष्यात क्वचित वाटली होती. दारात एकटी आलेली, हातात डबा घेऊन आलेली मुलगी. तिला आग्रह करकरून वाढत आपण सगळ्यांनी, अगदी एकमतानं, बाजूला काढून ठेवलं. आपण तर तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि मग तिलाच टाकलं. "माझं चुकलं, बाळा," त्या म्हणाल्या. दुसरं काही सुचलं नाही.

"सगळे मला नको जाऊ म्हणत होते, काकू. मला बघायचं होतं, सर घरी आता कसे असतात. ऑफिसात असे आहेत, तर घरी वेगळे असतील, असं वाटलं." तिनं शंतनूकडे पाहिलं. "तसेच आहेत."

शंतनूनं हातातला घास ताटात ठेवला.

"सर, एकच विचारते. माझ्या कामात काय कमी आहे? मला राग नाही येणार. एक गोष्ट सांगा."

शंतनू खरोखर आठवत होता, हे त्याच्या आईला दिसत होतं. लहानपणी पाढा अडला की तो असाच छताकडे बघायचा.

"काही नाही," तो म्हणाला.

"मामा, माझंच नाव द्या," निमिष म्हणाला. "मी नाहीतरी पुण्याला एका ठिकाणी बोलतोय. माझ्यानं प्रश्न सुटतो ना?"

शंतनूच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी चमकून गेलं. सुलोचनाबाईंनी ते पाहिलं, आणि त्यांना मुलाची कीवही आली आणि रागही आला.

"काही गरज नाही," त्या निमिषला म्हणाल्या. "दर वेळी कुणीतरी असं सोपं करून दिलं, म्हणून याच्यावर ही वेळ आली. शंतनू, मला एक सांग. तू यातल्या कुणाचंच नाव दिलं नाहीस तर काय होईल?"

"तसं चालत नाही, आई."

"ते कळलं. काय होईल, ते विचारतेय."

"माझ्या वरचा माणूस गुरुग्रामहून फोन करेल. विचारेल, मग तुला टीम सांभाळता येत नाही असं लिहू का? मलाही कुणीतरी शेरा देतंच ना!" तो म्हणाला. "मीही रोज सकाळी त्याला सांगतो, माझ्याकडे सगळं ठीक आहे म्हणून."

"आणि त्यानं तसं लिहिलं तर?"

"माहीत नाही."

शंतनूच्या तोंडून हे दोन शब्द या घरात कुणी ऐकले नव्हते. नकाशा, औषध, हप्ता, पंजाबात पाऊस कधी पोचणार, सगळ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असायचं. रागिणीसुद्धा त्याच्याकडे नव्यानं बघायला लागली.

"मग कळेल तेव्हा कळेल," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पण जेवायला बोलावलेल्या माणसाचा बळी माझ्या टेबलावर ठरवायचा नाही. माझ्याच काय, कुणाच्याच नाही."

शंतनूनं डावा हात पुसला आणि फोन उचलला. उजवा हात तसाच भातानं माखलेला होता. एका अंगठ्यानं तो गुरुग्रामच्या साहेबासाठी बराच वेळ लिहीत राहिला, खोडत राहिला. हिमानी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "मागचा निमिषचा शेरा चुकीचा होता, हे पण लिहिलंत?" तिनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. "असं लिहून स्वतःच्या हातानं..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं आणि त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. "लिहा. लिहाच आता."

"खरं आहे ते," लक्ष्मीकांतराव घसा खाकरून म्हणाले. मघाशी 'बरोबर केलं' म्हणणारे हेच, पण त्याची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही.

शंतनूनं फोन टेबलावरून जसकीरतसमोर सरकवला. "वाच. आणि चूक असेल तर सांग."

तिनं हात धुतला, पदरासारखी ओढणी सावरली आणि वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं.

"सर, यात एक आहे."

"सांग."

"'माझ्या टीममध्ये तळाला टाकण्यासारखं कदाचित कुणी नाही.' यातलं 'कदाचित' काढा."

निमिष मामाकडे बघत होता. शंतनूनं फोन परत घेतला, तो एक शब्द काढला आणि संदेश पाठवून दिला. मग तो जसकीरतकडे वळला.

"हे तू ऑफिसात रोज सांगायचीस," तो म्हणाला. "मग बंद झालीस."

"तुम्ही विचारणं बंद केलं," जसकीरत म्हणाली.

सुलोचनाबाईंनी तिच्या पानात तूप वाढलं. भीती त्यांनाही वाटत होती, चांगलीच वाटत होती. या मुलाच्या पगारावर घर चालतं, हप्ते आहेत, सगळं त्यांना कळत होतं. तरीही त्यांना मुलाचा अभिमान वाटला, हेही खरं.

फोन वाजला. पडद्यावर गुरुग्रामच्या साहेबाचं नाव होतं. हिमानीनं सवयीनं बाल्कनीचं दार उघडून दिलं. शंतनू उठला नाही. सगळ्यांसमोर, जेवत्या पानावर त्यानं फोन घेतला. पलीकडून काहीतरी भराभर विचारलं गेलं.

"जी सर," तो म्हणाला, "मैंने ही लिखा है. सोच-समझकर लिखा है."